पीठ मळायचं नाही

माझे पहिले बन बिघडले ते मळण्यामुळे. दुसरेही त्याचमुळे बिघडले, पण तेव्हा मला ते कळलेलं नव्हतं.

लहानपणी आमच्या घरी कणीक मी मळायचो. आईची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, बहीण नव्हती आणि वडील पहाटेच एसटी डेपोत कामाला जायचे. शाळेत निघण्याआधी परातीत पीठ, मीठ, चमचाभर तेल, आणि मग तळहाताने रेटून रेटून ते मळायचं. आई शेजारी बसून बोटाने दाबून बघायची. "अजून तिंब," म्हणायची. "अजून." पुढे कॉलेजच्या खोलीवर आणि सिडनीला आल्यावर चार पोरांनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरातही कणकेचं काम माझ्याकडेच आलं. लग्नानंतरही ते माझ्याकडेच राहिलं. आमच्या घरात मी पहिला पदवीधर, पण ही विद्या त्या पदवीपेक्षा जुनी आहे. पीठ हाताखाली आलं की हात आपोआप चालू लागतो.

सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलला आम्ही राहतो त्या घराच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये एक लाकडी कुंपण आहे. त्याच्या पलीकडे एक म्हातारं जोडपं राहायचं. दोघंही स्कॉटलंडच्या एकाच गावातले, तरुणपणी इथे आलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आम्हाला नावाने हाक मार. मला ते आजतागायत जमलेलं नाही. वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला नुसत्या नावाने कसं बोलवायचं? एकदा आजोबांना 'अंकल' म्हणून पाहिलं तर ते हसले आणि म्हणाले, "मी कुणाचाच अंकल नाही, लॅड." तेव्हापासून मी त्यांना हाकच मारत नाही. समोर जाऊन उभा राहतो. त्यांनी बघितलं की बोलतो. ते मात्र मला लॅडच म्हणतात, म्हणजे त्यांच्याकडच्या बोलीत पोरगा.

आम्ही इथे राहायला आलो त्या आठवड्यात त्या जोडप्यातल्या आजी एका ताटलीवर कपडा झाकून बन घेऊन आल्या होत्या. ओबडधोबड, वरून करपट तपकिरी, आत बेदाणे. आम्ही चहात बुडवून खाल्ले. बायकोने ताटली रिकामी कशी द्यायची म्हणून तीत चिवडा भरून दिला. दुसऱ्या दिवशी आजी कुंपणापाशी उभ्या. "भयंकर तिखट होता," म्हणाल्या. "अजून आहे का?"

मुलगी लहान असताना आमच्या दोघांची शिफ्ट एकत्र आली की त्याच तिला शाळेतून आणायच्या. माझं जे काही झालं ते लोकांनी हात दिला म्हणून झालं, हे मी विसरू शकत नाही. गावात घरी बोलावून इंग्रजी शिकवणाऱ्या बाई होत्या, शहरात ठेवून घेणारे लांबचे काका होते. त्या माणसांमध्ये मी या आजींनाही धरतो.

मग आजी विसरायला लागल्या. आधी गॅस, मग रस्ता, मग आमची मुलगी. गेल्या हिवाळ्यात त्यांना एज्ड केअरमध्ये ठेवावं लागलं. तो म्हणजे इथला वृद्धाश्रमच, फक्त नर्सेस असलेला. आजोबा रोज दुपारी चालत जायचे आणि चहाची वेळ संपली की परत यायचे.

एका शनिवारी ते आमच्या मागच्या दारात आले. मी कणीकच मळत होतो. ते थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

"ती खात नाहीये," ते म्हणाले. "तोंडासमोर चमचा नेला की मान फिरवते. वाळत चालली आहे. तिथल्या लोकांनी सांगितलं, घरचं काही आवडीचं असेल तर आणा."

"काय आवडतं त्यांना?"

"तिचे बन. दुसरं काय?" मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "मला येत नाहीत. तिने साठ वर्षं मला स्वयंपाकघरात उभं केलं नाही. तू रोज पिठात हात घालतोस, मी खिडकीतून बघतो. तुला जमतील."

मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. परतफेडीची संधी मिळाली असं वाटलं. आणि मी अभ्यासाने इथवर आलेला माणूस. जे येत नाही ते पुन्हा पुन्हा केलं की येतं, यावर माझा तेव्हा पूर्ण विश्वास होता. बन म्हणजे काही इंजिनिअरिंगच्या गेटची परीक्षा नव्हती.

व्हिडिओ बघितले. सामान साधंच होतं. बेकिंग पावडर मिसळलेला मैदा, लोणी, साखर, एक अंडं, थोडंसं दूध, बेदाणे आणि संत्र्याची साखरेत मुरवलेली साल. थंड लोणी पिठात बोटांनी चोळायचं, शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन चोळतो तसं. मग अंडं आणि दूध. इथपर्यंत सगळं बरोबर झालं. पण दूध पडल्याबरोबर माझा हात परातीत गेला आणि त्याने त्याचं काम केलं. मस्त गोळा झाला, मऊ, चकचकीत. त्याचे सारखे भाग करून मी ट्रेवर मांडले. पेढ्यांसारखे सुंदर दिसत होते.

मुलीने एक उचलला, दातांनी धरला आणि परत ठेवला. "डॅड, इट्स अ रॉक."

"यांना रॉक बनच म्हणतात," मी म्हणालो.

"मग जमलेत," बायको म्हणाली. "सासूबाईंना फोन करून सांगते, इंजिनिअर केलात, आता दगड भाजतोय."

आजोबा आमच्या टेबलापाशी बसले. त्यांनी बन हातात घेऊन टेबलावर दोनदा आपटला. तुकडा मोडायला त्यांना जोर लावावा लागला. पुष्कळ वेळ चावले.

"हा क्रिकेटचा बॉल आहे," ते म्हणाले. "पण बॉल म्हणून चांगला आहे."

"लोणी कमी पडलं का?"

"मला काय विचारतोस? मी फक्त खाणारा." त्यांनी बन फिरवून बघितला. "हे फार सभ्य दिसतात, लॅड. तिचे बन केस न विंचरलेल्या पोरासारखे दिसायचे."

पुढच्या वेळी मी लोणी वाढवलं. त्याच्या पुढच्या वेळी दूध वाढवलं, ओव्हन जास्त तापवला. प्रत्येक वेळी आजोबा टेबलापाशी बसायचे आणि निकाल द्यायचे. एकदा म्हणाले, "आज पाव झालाय." एकदा म्हणाले, "हा दार अडवून धरायला न्यायचा का?" त्यांच्या बोलण्यावर आम्ही सगळे हसायचो, तेही हसायचे. मग घड्याळ बघून उठायचे आणि रिकाम्या हाताने तिकडे जायचे. परत आल्यावर मी कुंपणातून विचारायचो, "आज काही खाल्लं?" ते नाही म्हणून मान हलवायचे.

एका दुपारी मी मैद्यात लोणी चोळत होतो आणि ते शेजारी बसले होते. मी विचारलं, "दूध घातल्यावर त्या काय करायच्या? हात कसा चालायचा त्यांचा? दारातून तरी बघितलं असेल ना तुम्ही."

त्यांनी डोळे मिटले.

"हात नव्हता," ते म्हणाले. "काटा होता. जेवणाचा काटा. भांड्यावर त्याचा आवाज यायचा, थोडाच वेळ. मग थांबायचा. मी बाहेर पेपर वाचत असायचो. तो आवाज थांबला की ओव्हनचं दार वाजायचं."

म्हणजे मळायचंच नव्हतं. जेमतेम एकत्र आलं की सोडून द्यायचं. मी दूध घातलं, डावा हात मागे पाठीवर ठेवला आणि उजव्यात काटा घेतला. चार वळसे फिरवले. पीठ विस्कटलेलं, कुठे कोरडं, कुठे ओलं. माझी बोटं अक्षरशः शिवशिवत होती. असं पीठ टाकून उठलो असतो तर आईने पाठीत धपाटा घातला असता. पण थांबलो. काट्यानेच ढेकळं उचलून ट्रेवर टाकली.

बन बाहेर आले तेव्हा आजोबा उठून उभे राहिले. चावायच्या आधीच त्यांना कळलं होतं. एक फोडला, तो भुसभुशीत मोडला. त्यांनी तो खाल्ला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"काटा," एवढंच म्हणाले.

त्या गुरुवारी मी अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि त्यांच्याबरोबर गेलो. एज्ड केअरच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, चहाची गाडी फिरत होती. आजी खिडकीपाशी बसल्या होत्या. मी त्यांना बऱ्याच दिवसांनी बघत होतो. मनगटं इतकी बारीक झाली होती की घड्याळ कोपराकडे सरकलं होतं. आजोबांनी त्यांच्यासमोर ताटली ठेवली आणि त्यांच्या बोलीत हळू आवाजात काही सांगितलं.

आजींनी बनांकडे बघितलं. त्यांचा चेहरा बदलला. पाठ सरळ झाली. त्यांनी दोन्ही हातांनी ताटली उचलली आणि आजोबांपुढे धरली.

"घे," त्या म्हणाल्या.

आजोबांनी एक घेतला. मग ताटली माझ्याकडे आली. "घे ना, लाजू नकोस. दोन घे." मग शेजारच्या खुर्चीतल्या बाईंकडे, मग चहा देणाऱ्या नेपाळी मुलीकडे. मला बघून तिने हिंदी धरली. ती हळूच म्हणाली, "भैया, आंटी आज पहली बार बोली है." ताटली रिकामी झाली तेव्हा आजी समाधानाने मागे टेकल्या. स्वतः त्यांनी कणही खाल्ला नव्हता.

परत येताना मला रस्ताभर एकच गोष्ट डोळ्यांपुढे येत होती. माझी आई सगळ्यांचं झाल्याशिवाय पान वाढून घेत नसे. तिला आधी जेव म्हटलं की तिला रागच यायचा. भांड्यात काही उरलं असेल तर ती जेवायची आणि उरलं नसेल तर आपल्याला भूक नाही म्हणायची.

"पुढच्या वेळी आपण सगळ्यांचं आधी होऊ देऊ," मी म्हणालो. "आणि एक बाजूला ठेवू. तुमचं राहिलंय म्हणून देऊ."

"चालेल का?"

"चालेल," मी म्हणालो. मला खात्री होती.

पुढच्या गुरुवारी तसंच केलं. आजींनी सगळ्यांना दिलं, आम्ही सगळ्यांनी खाल्लं, मी तर कप बशीत उपडा घालून ठेवला, झालं म्हणून. मग नेपाळी मुलीने खिशातून काढावा तसा एक बन आणून त्यांच्यासमोर ठेवला. "आंटी, यू हॅव नॉट इटन."

आजींनी आमच्या सगळ्यांच्या ताटल्यांवरून नजर फिरवली. मग बन फोडला. त्याला लोणी लावायला सुरी मागितली. आणि खाल्ला. हळूहळू, अर्धा. ओठाला लागलेला कण बोटाने टिपून तोही खाल्ला. आजोबा टेबलाची कड घट्ट धरून बसले होते, जणू हलले तर काही सांडेल.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले आणि मुलीला म्हणाले, "अर्धा!" तिला काहीच माहीत नव्हतं, पण तिने टाळी दिली. बायकोने त्यांना जेवायला ठेवून घेतलं. वरणभात खाताना ते पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, आणि मी मनात हिशेब करत होतो की आता बुधवारी आणि शनिवारीही भाजायचे, बेदाण्यांबरोबर बदामाची पूड घालायची, ताकद येईल. परीक्षा पास झाल्यासारखं मला वाटत होतं.

त्यानंतर थोडेच गुरुवार मिळाले. एकदा अर्धा, एकदा जेमतेम पाव भाग. मग एकदा घास घशात अडकला. त्या खोकायला लागल्या आणि खोकला थांबेना. चेहरा जांभळा पडला. नर्स धावत आली, आम्हाला बाजूला केलं. थोड्या वेळाने सगळं ठीक झालं, पण त्या आठवड्यात एक तज्ज्ञ बाई येऊन त्यांचं गिळणं तपासून गेल्या. आजोबांनी मला सोबत बसवलं होतं. बाई चांगल्या होत्या, सावकाश बोलल्या. हा आजार गिळणंही विसरायला लावतो, त्या म्हणाल्या. अन्न श्वासनलिकेत जातं, त्याने फुप्फुसं बिघडतात. यापुढे फक्त वाटलेलं, मऊ केलेलं. बन नाही. बेदाणे तर अजिबात नाहीत.

"दुधात भिजवून?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "मिक्सरमधून काढून देता येईल."

मी तसा घरी करून नेला. दोन बन दुधाबरोबर मिक्सरमध्ये. वाटीत तपकिरी लगदा. आजींनी वाटीकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. त्यांना कळेना हे काय आहे आणि आपण कोणाला काय द्यायचं. आजोबांनी चमचा भरला, त्यांच्या ओठांपाशी नेला. आजींनी मान फिरवली.

"नको," आजोबा मला म्हणाले. "हे नको करू पुन्हा."

मी खूप विचार केला. वाचलं, लोकांना विचारलं, आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन केला. ते माझं बोलणं शांतपणे ऐकून घेत होते, आणि त्यांच्या शांतपणावरूनच मला कळलं. याचा अभ्यास करून काही सुटणार नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. आम्हाला एकच गोष्ट येते, आणखी मेहनत करणं, आणि इथे मेहनतीला जागाच उरली नव्हती.

तरी बन भाजणं थांबलं नाही. आजोबाच म्हणाले, "नेऊ आपण. ती वाटून देते तरी." म्हणून गुरुवारी ताटली नेत राहिलो. त्या उचलायच्या, पुढे करायच्या. आजोबा घ्यायचे, मी घ्यायचो. आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसून खायचो आणि त्या बघायच्या. मला तो बन घ्यावासा वाटत नसे. पण न घ्यावा तर त्यांचा हात तसाच पुढे राहायचा.

मग हातही उठेना. ताटली मांडीवर ठेवली की ती तिथेच राहायची. एकदा आजोबांनी त्यांची बोटं ताटलीच्या कडेवर ठेवली, स्वतःच्या हाताने ती उचलली आणि स्वतःच्याच पुढे आणली. "थँक यू, लव्ह," म्हणाले आणि एक घेतला. नेपाळी मुलगी तोंड फिरवून गाडी ढकलत निघून गेली.

आता आजी जास्त वेळ झोपूनच असतात. डॉक्टर आणि आजोबा आता चमच्याने भरवण्याचं बोलत नाहीत, दुखू नये एवढंच बोलतात.

या गुरुवारी सकाळी मी परात घेतली. बायको कामावर गेली होती, मुलगी शाळेत. लोणी चोळलं, अंडं फोडलं, दूध घातलं. काटा शेजारीच होता. आजींचा विचार करत होतो, आईचाही, तिलाही मी इतक्या लांब ठेवून आलो आहे. भानावर आलो तेव्हा पीठ मऊ, चकचकीत झालं होतं. दोन्ही हातांनी मी ते किती वेळ मळत होतो कोण जाणे.

दुसरं करायला लोणी शिल्लक नव्हतं. तेच भाजले. गोल, गुळगुळीत, पहिल्या दिवसासारखे.

आजोबा आले, टेबलापाशी बसले. मी ताटली पुढे केली आणि वाट बघत राहिलो. आता बॉल म्हणतील, पाव म्हणतील, टेबलावर आपटतील. त्यांनी एक उचलला. मोडायला जोर लावला, तुकडा पडला, तो त्यांनी उचलून खाल्ला. पुष्कळ वेळ चावत होते.

"छान झालेत," ते म्हणाले. मग कोट घातला, बाकीचे बन डब्यात भरले आणि तिकडे जायला निघाले.